बाहेरून आलेलं काय टिकतं? परदेशी व्यापार, परकीय गुंतवणूक आणि देशाची वाढ

1979 साली बांगलादेशातल्या 'देश गारमेंट्स' नावाच्या नवख्या कंपनीने आपली 130 माणसं सहा महिन्यांसाठी दक्षिण कोरियाला पाठवली. तिथल्या पुसान शहरात देवू कंपनीचा शर्ट शिवण्याचा मोठा कारखाना होता, तिथे त्यांना काम शिकायचं होतं. बांगलादेशातून तयार कपड्यांची निर्यात तेव्हा नावालाच होत होती. मग देवूला एवढी उठाठेव करायची काय गरज? कारण श्रीमंत देशांनी 1974 च्या मल्टी-फायबर कराराखाली कोरियासारख्या देशांच्या कपड्यांवर कोटा बसवला होता. ठरलेल्या मापापलीकडे तुमचा माल आम्ही घेणार नाही, असा त्याचा अर्थ. बांगलादेश त्या कोट्यात अजून अडकलेला नव्हता. म्हणजे तिथे शिवायचं आणि तिथूनच जहाजात चढवायचं, असा सरळ हिशेब.

पुढे जे घडलं ते मात्र या हिशेबात कुठेच नव्हतं. शिकून आलेल्या त्या 130 जणांपैकी 115 जणांनी पुढच्या काही वर्षांत देश गारमेंट्स सोडली. कुणी स्वतःचा कारखाना टाकला, कुणाला दुसऱ्या मालकाने जास्त पगार देऊन पळवलं. कापडाचे थर लावून कटिंग कसं करायचं, मशीनच्या ओळी कशा लावायच्या, माल कुठल्या टप्प्यावर तपासायचा, परदेशी गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, बँकेत लेटर ऑफ क्रेडिट (मालाचे पैसे मिळतील अशी बँकेची हमी) कसं उघडायचं, हे सगळं त्यांच्याबरोबर बाहेर पडलं आणि पसरलं. सरकारनेही निर्यातीसाठी आणलेलं कापड शुल्क न भरता गोदामात ठेवायची मुभा दिली. आज बांगलादेशच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे.

यात गंमत अशी, की देवूने या कंपनीत भांडवल घातलंच नव्हतं. विक्रीवर रॉयल्टी आणि कमिशन, एवढाच करार. 'अमुक अब्ज डॉलरची परकीय गुंतवणूक आली' अशा बातम्यांच्या मापाने बघितलं तर इथे आलेला आकडा शून्य! तरीही एका अख्ख्या उद्योगाची बीजं याच व्यवहारात पडली. परदेशी व्यापार आणि गुंतवणुकीने देश वाढतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घेताना मला म्हणूनच डॉलरच्या आकड्यापेक्षा हे 115 जण जास्त उपयोगी वाटतात.

दारू आणि कापड

व्यापारातून फायदा कसा होतो, याचा पहिला चोख हिशेब 1817 साली इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने मांडला. त्याचं उदाहरण पोर्तुगाल आणि इंग्लंडचं. ठराविक माप वाइन करायला पोर्तुगालला वर्षभर 80 माणसं लागतात आणि ठराविक माप कापड विणायला 90. इंग्लंडला त्याच कामांना अनुक्रमे 120 आणि 100 माणसं लागतात. दोन्हीत पोर्तुगालच सरस. मग पोर्तुगालने इंग्लंडकडून काहीही विकत का घ्यावं?

आकडे मांडून बघू. एक माप वाइन देऊन एक माप कापड घेतलं, तर पोर्तुगालने 80 माणसांची मेहनत देऊन अशी वस्तू मिळवली जी स्वतः करायला 90 माणसं लागली असती. 10 माणसं वाचली. इंग्लंडने 100 जणांचं कापड देऊन 120 जणांच्या मेहनतीची वाइन मिळवली, म्हणजे त्याची 20 वाचली. दोघांनी दोन्ही वस्तू घरीच केल्या असत्या तर एकूण 390 माणसं राबली असती. आता 360 मध्ये तेवढाच माल तयार होतो. उरलेली 30 माणसं दुसरं काही करायला मोकळी. यालाच तुलनात्मक लाभ म्हणतात. प्रश्न आपण शेजाऱ्यापेक्षा सरस आहोत का हा नसतोच. आपल्याच दोन कामांपैकी कशात आपण जास्त सरस आहोत, किंवा कमी मागे आहोत, हे बघायचं असतं.

हिशेबात खोट नाही. पण त्यात दोन गोष्टी सुटतात. पहिली म्हणजे हा फायदा एका उडीचा आहे. 30 माणसं एकदा मोकळी झाली, पुढच्या वर्षी आणखी 30 आपोआप होत नाहीत. वाढ म्हणजे वर्षानुवर्षं वर जाणं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: वाइन करताना देश जे शिकतो आणि यंत्रमाग चालवताना जे शिकतो, ते सारखं नसतं. मागाच्या पाठोपाठ यंत्रं दुरुस्त करणारे येतात, मग यंत्रं बनवणारे, मग लोखंड ओतणारे. आज कशात हात बसलाय एवढंच बघून काम निवडलं, तर उद्या हात कशात बसला असता हे कधी कळतच नाही.

अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने 1791 मध्येच अमेरिकेच्या संसदेपुढे हा मुद्दा मांडला होता, की नव्या उद्योगाला सुरुवातीला आधार द्यावा लागतो. त्याचं काय होतं ते पुढे येईलच.

आयातीचं भूत

जीडीपीचं सूत्र अनेकांनी शाळा-कॉलेजात पाठ केलेलं असतं: लोकांचा खर्च, अधिक गुंतवणूक, अधिक सरकारी खर्च, अधिक निर्यात, वजा आयात. त्या 'वजा आयात'ने फार घोळ घातला आहे. आयात वाढली की जीडीपी घटतो, असं वाटायला लागतं.

समजा एका कारखानदाराने परदेशातून 100 डॉलरचं यंत्र आणलं. ही खरेदी गुंतवणुकीच्या रकान्यात अधिक 100 म्हणून आधीच मोजली गेली. पण यंत्र देशात बनलेलं नाही आणि जीडीपी म्हणजे देशात जे बनलं ते. म्हणून आयातीच्या रकान्यात वजा 100. बेरीज शून्य. ही वजाबाकी म्हणजे चुकून आत आलेला आकडा परत बाहेर काढणं, बाकी काही नाही. उलट ते यंत्र पुढची दहा वर्षं देशात माल काढणार आहे, तो जीडीपीत धरला जाईल. गरीब देशांच्या बाबतीत आयातीचा हाच भाग सगळ्यात मोलाचा असतो, कारण यंत्राबरोबर त्यामागचं संशोधनही आयतं मिळतं.

निर्यातीचा आकडाही असाच फसवा असू शकतो. 2009 मध्ये चीनमध्ये जोडून अमेरिकेत जाणाऱ्या एका आयफोनची कारखान्यातली किंमत 178.96 डॉलर होती, असा हिशेब युकिंग शिंग आणि नील डेटर्ट या संशोधकांनी मांडला. चीनच्या निर्यातीत ही सगळी रक्कम धरली जायची. त्यातली चीनमधल्या जुळणीची मजुरी किती? 6.50 डॉलर. बाकीचे भाग जपान, कोरिया, जर्मनी, अमेरिकेचे. पुढच्या दशकात चिनी कंपन्या स्वतः भाग पुरवू लागल्या आणि त्यांचा वाटा बराच वाढला. पण कुठल्याही देशाची 'विक्रमी निर्यात' वाचताना, त्यात देशात घडलेलं काम किती आणि नुसतंच आत येऊन बाहेर गेलेलं किती, हे विचारायला हवं.

इथे एक खवचट प्रश्न येतो. व्यापारामुळे देश श्रीमंत होतात की श्रीमंत देश जास्त व्यापार करतात? दोन्ही गोष्टी एकत्रच दिसत असल्या तर कारण कुठलं आणि परिणाम कुठला? याचं उत्तर शोधायला इतिहासाने एक प्रयोग आयता करून ठेवला आहे. जून 1967 च्या युद्धात सुएझ कालवा बंद पडला, तो उघडला थेट जून 1975 मध्ये. आठ वर्षं जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. ज्या देशांचे मार्ग कालव्यातून जात होते, त्यांच्यासाठी बाजारपेठा अचानक हजारो मैल लांब गेल्या. बाकीच्यांना काहीच फरक पडला नाही. त्या देशांच्या धोरणात किंवा कारभारात तोवर काही बदललेलं नव्हतं, बदललं होतं फक्त अंतर. जेम्स फायरर या अर्थशास्त्रज्ञाने हे आकडे तपासले, तेव्हा ज्यांचा मार्ग लांबला त्यांचा व्यापार घटलेला दिसला आणि त्यापाठोपाठ उत्पन्नालाही फटका बसलेला दिसला. कालवा उघडल्यावर गाडी उलट फिरली. व्यापाराचा उत्पन्नावर परिणाम होतो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

पैसा दोन पायांचा

आता गुंतवणुकीकडे. परदेशातून येणारा पैसा साधारण दोन प्रकारचा. एक, थेट परकीय गुंतवणूक, म्हणजे एफडीआय: कारखाना उभारणं, कंपनी विकत घेणं, किंवा कंपनीत 10 टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा घेणं. दुसरा म्हणजे शेअर, रोखे आणि कर्जं. पहिल्याला पळून जायला वेळ लागतो, भट्टी आणि क्रेन काही सुटकेसमध्ये मावत नाहीत. दुसरा एका बटणावर निघून जातो.

1990 च्या दशकात थायलंडच्या कंपन्यांनी आणि बँकांनी डॉलरमध्ये अल्पमुदतीची कर्जं भरभरून घेतली. डॉलरला साधारण 25 बाट हा दर ठरलेलाच होता, त्यामुळे धोका कुणाला जाणवत नव्हता. 2 जुलै 1997 ला सरकारने तो दर सोडून दिला. जानेवारी 1998 पर्यंत डॉलर पन्नास बाटच्या वर गेला. ज्याची कमाई बाटमध्ये आणि कर्ज डॉलरमध्ये, त्याचं कर्ज सहा-सात महिन्यांत काहीही न करता दुप्पट झालं. जे परदेशी कारखाने आधीच उभे होते, ते मात्र बऱ्याच अंशी तिथेच राहिले. चलन घसरल्यामुळे त्यांचा निर्यातीचा माल उलट स्वस्त झाला.

याच जागी राजकीय भाषणांतली एक विसंगती उघडी करून टाकतो. 'आम्ही विक्रमी परकीय भांडवल आणू' आणि 'आम्ही चालू खात्यावरची तूट पुसून टाकू' ही दोन वाक्यं एकाच भाषणात येतात आणि टाळ्याही मिळवतात. चालू खात्यावरची तूट म्हणजे वस्तू, सेवा वगैरेंच्या व्यवहारात देशाने बाहेरून जेवढं कमावलं त्याहून बाहेर जास्त दिलं, तो फरक. देशातली बचत 25 आणि गुंतवणूक 30 असेल, तर वरचे 5 परदेशातून यावे लागतात. ते 5 म्हणजेच चालू खात्यावरची तूट. परकीय चलनाचा साठा वाढवण्या-घटवण्याचा भाग सोडला, तर निव्वळ परकीय भांडवल येणं आणि तूट असणं ही एकाच व्यवहाराची दोन नावं आहेत. तूट वाईट की चांगली हे त्या 5 चं काय केलं यावर ठरतं. बंदर बांधलं की चैन केली?

एफडीआयच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास टाकू नये. 2015 साली आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात 26 टक्के वाढल्याचं जाहीर झालं. इतके नवे कारखाने किंवा इतक्या नव्या नोकऱ्या कुणाला दिसल्या नव्हत्या. झालं होतं एवढंच, की काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी बौद्धिक मालमत्ता करासाठी आयर्लंडच्या वहीत आणून ठेवली होती. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमनने या प्रकाराला 'लेप्रकॉन अर्थशास्त्र' म्हटलं. लेप्रकॉन म्हणजे आयरिश लोककथांतला सोन्याचं मडकं लपवणारा बुटका. अखेर आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाला असल्या गोष्टी वगळून राष्ट्रीय उत्पन्नाचं वेगळं माप काढावं लागलं. याहून मोठा धक्का 2019 च्या एका अभ्यासाने दिला. जगभरच्या एफडीआयपैकी जवळपास 40 टक्के रक्कम निव्वळ कागदी कंपन्यांतून फिरणारी आहे, असा अंदाज त्यात निघाला. लक्झेंबर्गसारख्या चिमुकल्या देशात अमेरिकेच्या तोडीची एफडीआय नोंदलेली होती.

शेजारी की पुरवठादार

बरं, कारखाना खरोखरचा आहे असं धरू. त्याने यजमान देशातल्या कंपन्यांचं भलं होतं का? व्हेनेझुएलातल्या कारखान्यांवरचा ब्रायन एटकिन आणि ॲन हॅरिसन यांचा 1999 चा अभ्यास म्हणतो, की त्याच धंद्यातल्या स्थानिक कंपन्यांची उत्पादकता उलट घसरली. परदेशी कंपनीने त्यांचं गिऱ्हाईक ओढलं, आणि तेवढाच स्थिर खर्च कमी मालावर पडू लागला. लिथुआनियावरचा बेआटा यावोर्चिक यांचा 2004 चा अभ्यास वेगळंच चित्र दाखवतो: ज्या स्थानिक कंपन्या परदेशी कारखान्यांना माल पुरवत होत्या, त्यांची उत्पादकता वाढली होती.

दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की कोडं सुटतं. प्रतिस्पर्ध्याला आपली विद्या कुणी सांगत नाही, ती जपण्यासाठीच कंपनी धडपडते. पण सुटे भाग पुरवणाऱ्याचा दर्जा सुधारणं तिच्याच हिताचं असतं. त्यासाठी ती आपले इंजिनिअर पाठवते, नापास झालेला माल परत करते, पुन्हा शिकवते. शिकणं होतं ते या पुरवठ्याच्या साखळीत. म्हणून ज्या कारखान्यात सगळे भाग बंद खोक्यांतून येतात, जुळणी होते आणि खोकी पुन्हा बंद होऊन जातात, तिथे पगार मिळतो, पण विद्या कुंपणाबाहेर झिरपत नाही.

कोस्टा रिकाचा अनुभव या दोन्हींच्या मधला आहे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने तिथे चिपची जुळणी आणि तपासणी करणारा कारखाना उभारला. लहानशा देशाच्या निर्यातीचा चेहराच पालटला. स्थानिक कंपन्यांकडून होणारी खरेदी मात्र तोकडीच राहिली. 2014 मध्ये इंटेलने ती जुळणी आशियात हलवायची ठरवली आणि सुमारे 1,500 नोकऱ्या गेल्या. हा पराभव म्हणावा का? माझ्या मते नाही. मधल्या काळात तंत्रशिक्षण सुधारलं होतं, इंटेल आली म्हणून इतरही आल्या होत्या, आणि आज त्या देशाची सर्वांत मोठी माल-निर्यात वैद्यकीय उपकरणांची आहे.

दक्षिण कोरियाने तर दार जवळजवळ लोटूनच ठेवलं होतं. परदेशी कंपन्यांना मालकी देण्यापेक्षा त्याने कर्ज काढलं, तंत्रज्ञान विकत घेतलं, आणि देशी उद्योगांना बाहेरच्या स्पर्धेपासून आडोसा दिला. हॅमिल्टनचा सल्लाच हा. मग असाच आडोसा देणाऱ्या इतर बऱ्याच देशांत उद्योग सुस्तावले आणि कोरियात नाही, असं का? कारण कोरियात आडोशाची किंमत निर्यातीत मोजावी लागे. ठरवलेलं लक्ष्य गाठणाऱ्याला स्वस्त कर्ज, नाही गाठलं तर हात आखडता. घरच्या गिऱ्हाइकाला काहीही गळ्यात मारता येतं, परदेशी गिऱ्हाईक तसं ऐकून घेत नाही. 1964 मध्ये वर्षाला 10 कोटी डॉलर असलेली कोरियाची निर्यात 1977 मध्ये 1,000 कोटी डॉलरवर पोचली. सिंगापूरने बरोबर उलटा रस्ता धरला, परदेशी कंपन्यांना हात पसरून बोलावलं, आणि तोही श्रीमंत झाला. दोन्हीकडे समान काय होतं, तर शिकायची तयारी असलेले कामगार आणि जगाच्या बाजारात माल खपला पाहिजे हा दट्ट्या.

चीनने मोटारींच्या धंद्यात मधला मार्ग काढला: परदेशी कंपनीने स्थानिक भागीदार घ्यायचा, निम्म्याहून जास्त मालकी मिळणार नाही. शांघायमध्ये फोक्सवॅगनची भागीदारी 1984 ची. प्रवासी मोटारींवरची ही अट 2022 मध्ये पूर्ण गेली. पण त्या सक्तीच्या भागीदारांनी फार दिवे लावले असं वाटत नाही. आज जगभर गाजणाऱ्या बीवायडी, जीली या गाड्या त्या सरकारी भागीदारांच्या नव्हेत. भागीदारीतून खरा फायदा झाला तो सुटे भाग बनवणाऱ्यांना. लिथुआनियातलाच धडा, फक्त माप अवाढव्य.

फायदा कुणाचा, तोटा कुणाचा

रिकार्डोच्या गणितात मोकळी झालेली 30 माणसं आठवतात? कागदावर ती लगेच दुसरं काम शोधतात. प्रत्यक्षात त्यांचं घर असतं, कर्ज असतं, पन्नाशी आलेली असते. 11 डिसेंबर 2001 ला चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. त्यानंतर अमेरिकेत फर्निचर, कापड, खेळणी बनवणाऱ्या गावांचं काय झालं ते डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी तपासलं. नोकऱ्या गेल्या हे अपेक्षितच होतं. लोक दुसरीकडे जातील, वर्षा-दोन वर्षांत घडी बसेल, ही अर्थशास्त्रज्ञांची समजूत मात्र खोटी ठरली. बरेच लोक तिथेच राहिले, पगार आणि रोजगार दहा-दहा वर्षं सावरले नाहीत. फायदा कोट्यवधी गिऱ्हाइकांना थोडा थोडा वाटला जातो, तोटा मोजक्या गावांच्या पदरात सगळाच्या सगळा पडतो. एकूण बेरीज अधिक आली म्हणून त्या गावांना काय सांगणार?

बांगलादेशातही शिलाईचा धंदा वाढला तसं त्याचं ओझं वाटलं गेलं नाही. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कारखान्यांनी भरलेली इमारत कोसळली आणि 1,100 हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तरीही कामगारांना आत पाठवलं, कारण ऑर्डरच्या तारखा जवळ आल्या होत्या.

या उद्योगाची खरी परीक्षा त्याआधी, 1 जानेवारी 2005 ला झाली होती. देवूला बांगलादेशात घेऊन आलेला तो कपड्यांचा कोटा त्या दिवशी संपला. आता कुणीही कुठूनही हवा तेवढा माल घेऊ शकत होतं, आणि चीनपुढे बांगलादेशचा टिकाव लागणार नाही असे अंदाज सगळीकडून येत होते. आडवाट म्हणून निवडलेल्या त्या देशात राहायचं कुणालाही आता कारण नव्हतं. पण तोवर देश गारमेंट्समधून बाहेर पडलेल्यांनी शिकवलेल्यांनी आणखी कितीतरी जणांना शिकवलं होतं, आणि त्या वर्षी बांगलादेशची कपड्यांची निर्यात घटली नाही, वाढली.